बांध राखायला शिकवणारे शिक्षण

खेड्यातले भांडण बहुधा कुठे होते, हे तुम्हाला सांगायला नको. शेताच्या मध्यभागी कोणी भांडत नाही. तिथे ज्याचा त्याचा नांगर आणि ज्याची त्याची मर्जी. भांडण होते ते बांधावर. पाणी कोणाच्या पाटातून न्यायचे, बांधावरचा आंबा कोणाचा, बैलगाडी कोणाच्या हद्दीतून जाणार, हे सारे प्रश्न दोन शेतांमधल्या त्या हातभर रुंद पट्टीवर उभे राहतात. आजचा आपला विषय वरवर पाहता शेतीपासून फार दूरचा आहे. संगणकाची मोठमोठी कामे करणारे इंजिनिअर विद्यापीठात कसे घडवावेत, हा तो विषय. परंतु त्याचेही मर्म बांधावरच आहे, आणि ते कसे, एवढेच आज सांगायचे आहे.

कोणी म्हणेल, "अहो, ते शहरातल्या लोकांचं काम. आम्हाला त्याचं काय?" तर पहा. सातबाराचा उतारा आता संगणकावरून निघतो. डेअरीवर दूध घातले की मापाची नि फॅटची नोंद यंत्र करते. बँकेतले खाते, निराधारांचे मानधन, मुलांची शिष्यवृत्ती, हे सारे संगणकातल्या नोंदींवर चालते. ती नोंद बरोबर असली तर आपल्याला तिची आठवणही होत नाही. चुकली की मात्र माणसाला तालुक्याच्या खेपा घालाव्या लागतात.

२०१७ साली आपल्या राज्यात शेतकरी कर्जमाफीचे अर्ज संगणकावर भरून घेतले गेले. अर्जांतली माहिती आणि बँकांकडून आलेली माहिती यांचा मेळ बसवताना मोठा घोळ झाला. एकाच आधार क्रमांकापुढे अनेक खाती दिसू लागली, याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या, आणि पात्र शेतकऱ्यांच्या हाती पैसे पडायला उशीर झाला. अर्ज भरणाऱ्याला आपले नाव ठाऊक होते, बँकेला आपले खाते ठाऊक होते. घोळ झाला तो या दोन नोंदी जिथे एकमेकींना भेटतात तिथे, म्हणजे बांधावर.

विहीर आणि धरण

संगणकाला काम सांगण्यासाठी ओळीमागून ओळ अशा आज्ञा लिहाव्या लागतात. त्या आज्ञांच्या यादीला प्रोग्रॅम म्हणतात आणि अशा अनेक प्रोग्रॅमांच्या जुडग्याला सॉफ्टवेअर. कॉलेजात पहिल्या वर्षाला आलेला मुलगा किंवा मुलगी शंभर-दोनशे ओळींचा प्रोग्रॅम लिहायला शिकते. वर्गातल्या मुलांचे गुण जुळवून सरासरी काढणे, एवढे काम त्यात होते. लिहिणारा एकटा, वापरणारा तोच, आणि गुण मिळाले की प्रोग्रॅम संपला.

बँकेचे किंवा रेल्वेच्या आरक्षणाचे काम तसे नव्हे. तिथे लाखो ओळी असतात. त्या लिहायला शेकडो माणसे लागतात, आणि लिहिणारे निघून गेल्यावरही ते सॉफ्टवेअर वीस-वीस वर्षे चालवावे लागते. विहीर खणणे आणि धरण बांधणे यांत जो फरक, तोच इथे आहे. दोन्हीकडे पाणीच साठते. पण पन्नास विहिरी खणल्या म्हणून कोणाला धरण बांधता येत नाही. धरणाला नकाशा लागतो, मालाची तपासणी लागते, कोणी काय करायचे याची वाटणी लागते, आणि आजच्या पाळीने केलेले काम उद्याच्या पाळीला समजावे लागते.

जगाला हा फरक कळला तो ठेच लागल्यावर. अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीने १९६४ साली सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. या यंत्रांचा सगळा कारभार पाहणारे एक मूळ सॉफ्टवेअर तयार करायचे होते. त्या कामावर ऐन भरात हजारांहून अधिक माणसे होती. तरीही काम लांबले, अंदाज चुकले आणि हाती आलेल्या मालात दोष निघत राहिले. माणसे हुशार होती, पैशाला तोटा नव्हता. मग चुकले कुठे?

या कामाचे एक प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांनी पुढे त्याचा शोध घेतला. कंपनी सोडून ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेले, तिथे १९६४ साली त्यांनी संगणकशास्त्राचा विभाग स्थापन केला, आणि १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' या नावाचे पुस्तक लिहिले. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे लावली तर ते अधिकच लांबते, हा त्यांचा निष्कर्ष आज ब्रुक्सचा नियम म्हणून ओळखला जातो.

शेतकऱ्याला हे आधी पटणार नाही. बाजरीची कापणी दोघांना दहा दिवस पुरत असेल, तर दहा जण ती दोन दिवसांत उरकतात. बरोबर आहे, कारण प्रत्येकाची ओळ वेगळी, आणि एकाला दुसऱ्याशी बोलायचे कारण नाही. पण विहिरीच्या तळाशी पहार मारायला दोघांनाच जागा असताना वीस जण खाली उतरवले, तर काय होईल? खणणे राहील बाजूला, आणि एकमेकांची डोकी सांभाळण्यातच दिवस जाईल.

गुरुजींना याचे गणित आवडेल. तीन माणसे एकत्र काम करू लागली, तर त्यांच्यात बोलण्याच्या जोड्या होतात ३. पाच माणसांत १०, दहांत ४५, वीस माणसांत १९०. माणसांची संख्या घ्यावी, तिला एक वजा केलेल्या संख्येने गुणावे आणि दोनाने भागावे. माणसे दहाची वीस झाली म्हणजे दुप्पट झाली, पण जोड्या चौपटीहून अधिक झाल्या. यांतली प्रत्येक जोडी म्हणजे एक बांध. गैरसमजाला तितक्या जागा वाढल्या.

बांधावर हरवलेले यान

ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश या गावी नाटोच्या विज्ञान समितीने एक परिषद भरवली. अकरा देशांतले पन्नासहून अधिक जाणकार तिथे जमले. परिषदेला मुद्दाम नाव दिले 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग'. पूल बांधणाऱ्याला जशी शिस्त असते, तशी शिस्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला का नसावी, हा त्या नावामागचा प्रश्न होता. ही माणसे शिकवून कशी तयार करावीत, याचीही चर्चा तिथे झाली. तेव्हापासून विद्यापीठे या प्रश्नाच्या मागे लागली आहेत.

हा प्रश्न किती खरा आहे, हे एका उदाहरणाने कळेल. अमेरिकेच्या नासा या संस्थेने डिसेंबर १९९८ मध्ये मंगळाकडे एक यान सोडले. त्याचे नाव मार्स क्लायमेट ऑर्बिटर. साडेनऊ महिने प्रवास करून ते मंगळापाशी पोहोचले आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी त्याचा संपर्क तुटला तो कायमचा. चौकशीत काय निघाले? यानाच्या छोट्या झोतांनी किती जोर लावला, याचा हिशेब पृथ्वीवरचा एक गट करत होता. त्या हिशेबावरून यानाचा मार्ग ठरवण्याचे काम दुसऱ्या गटाकडे होते. पहिला गट आकडे देत होता ते पौंडाच्या मापात. दुसरा गट ते आकडे न्यूटन या मेट्रिक मापातले आहेत असे समजून घेत होता. एका पौंडाचा जोर म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. म्हणजे प्रत्येक आकडा साडेचार पट चुकत गेला. मंगळापासून ८० किलोमीटरच्या खाली उतरल्यास यान टिकणार नव्हते. ते सुमारे ५७ किलोमीटरपर्यंत खाली गेले.

वर्गात एखादा मुलगा उत्तरात नुसते "१२" लिहितो आणि गुरुजी अर्धा गुण कापून विचारतात, "बारा काय? शेर, किलो की आंबे?" मुलाला तो अर्धा गुण फार लागतो. त्याला या यानाची गोष्ट अवश्य सांगावी.

पण गोष्टीतला खरा धडा पुढे आहे. माप मेट्रिक असावे असे दोन्ही गटांमधल्या करारात लिहिलेले होते. करार होता, पण तो पाळला जातो की नाही हे कोणी नीट पडताळले नाही. आणखी एक गोष्ट अशी की, यानाच्या मार्गात काहीतरी चुकते आहे, ही शंका काही जणांना प्रवास चालू असतानाच आली होती. ती शंका योग्य माणसापर्यंत, योग्य रीतीने पोहोचली नाही. दोन्हीकडचे लोक आपापल्या शेतात निष्णात होते. बांध मात्र कोणाचाच नव्हता.

फळ्यावर न येणारी विद्या

आता प्रश्न असा की, हे शिकवायचे कसे? "एकमेकांशी नीट बोला, करार लिहून ठेवा, एकमेकांचे काम तपासा" असे प्राध्यापकांनी फळ्यावर लिहिले, मुलांनी वहीत उतरवले आणि परीक्षेत पाच मुद्दे लिहून दहा गुण मिळवले, तर ते शिकले असे म्हणावे काय? मोट कशी हाकावी यावर उत्तम निबंध लिहिणाऱ्याच्या हाती कोणी बैलांचा कासरा देत नाही. एकट्याने लिहिलेल्या शंभर ओळींच्या प्रोग्रॅमात बांधच नसतो. मग बांध राखायला मुलगा शिकणार कुठे? त्यासाठी त्याला दुसऱ्याच्या शेताला लागून शेत द्यावे लागते.

कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात जेम्स हॉर्निंग आणि डेव्हिड वॉर्टमन या दोन अध्यापकांनी यासाठी एक मोठा मजेदार खेळ बसवला. त्याचा वृत्तांत १९७७ साली प्रसिद्ध झाला. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपनीला इंग्रजीत 'सॉफ्टवेअर हाउस' म्हणतात. या खेळातल्या कंपन्या अगदी चिमुकल्या, म्हणून त्यांनी खेळाला नाव दिले 'सॉफ्टवेअर हट'. म्हणजे घर नव्हे, झोपडी. विद्यार्थ्यांचे लहान लहान गट पाडायचे. प्रत्येक गटाने कामाचा एक भाग तयार करायचा. पण संपूर्ण काम उभे करायला बाकीचे भागही लागणार, ते दुसऱ्या गटांकडून विकत घ्यायचे. पैसे अर्थात खेळातले. मग विकत घेतलेले भाग आपल्या भागाला जोडायचे, आणि पुढे त्यात बदलही करून दाखवायचे.

यातली खुबी लक्षात घ्या. एरवी विद्यार्थी प्रोग्रॅम लिहितो तो शिक्षकाला दाखवण्यासाठी. शिक्षक जाणता असतो. अर्धवट लिहिलेलेही तो समजून घेतो. इथे माल घेणारा शेजारचा विद्यार्थी आहे. त्याला तो वापरायचा आहे, त्यावर त्याचे गुण अवलंबून आहेत. गिचमिड लिहिलेले, न समजावलेले, न तपासलेले काम तो घेणार कशाला? आणि घेतलेच, तर रात्री जागून दुसऱ्याच्या ओळी उलगडताना त्याला कळते की आपले लिहिणेही दुसऱ्याला असेच वाटत असेल. हे ज्ञान व्याख्यानाने येत नाही.

पाच जणांची डेअरी

हे अधिक स्पष्ट व्हावे म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, कॉलेजातल्या पाच विद्यार्थ्यांच्या गटाला गावच्या दूध संस्थेसाठी प्रोग्रॅम करायचा आहे. एकीने सभासदांची यादी सांभाळायची, दुसऱ्याने दुधाचे माप नि फॅटची नोंद घ्यायची, तिसरीने दर लावून रक्कम काढायची, चौथ्याने दहा दिवसांचे बिल छापायचे, आणि पाचव्याने पशुखाद्याची उधारी वजा करायची. वाटणी झाली. पाचही जण हुशार. महिनाभराने प्रत्येक जण म्हणतो, "माझा भाग चालतो." मग पाचही भाग एकत्र जोडतात, आणि बिल येते ते भलतेच.

का? नोंद घेणाऱ्याने फॅट ४.२ असेल तर दशांशचिन्ह टाळण्यासाठी ४२ असे साठवले. रक्कम काढणारीला वाटले की ४.२ असेच येईल. एकाने दूध लिटरमध्ये घेतले, दुसरीने दर किलोला लावला. ०३/०४ ही तारीख एकाने तीन एप्रिल म्हणून लिहिली आणि दुसऱ्याने चार मार्च म्हणून वाचली. सकाळचे नि संध्याकाळचे दूध एकाच दिवसाखाली दोनदा येऊ शकते, हे यादी करणारीच्या ध्यानातच नव्हते. प्रत्येकाचे शेत हिरवेगार, आणि बांध मात्र फुटलेला.

अनुभवी अध्यापक अशा वेळी चूक स्वतः दुरुस्त करून देत नाही. तो चारच गोष्टींची सवय लावतो.

पहिली सवय कराराची. कामाला हात घालण्यापूर्वी दोन भागांमध्ये काय द्यायचे, काय घ्यायचे, कोणत्या मापात, हे कागदावर लिहायचे आणि दोघांनीही मान्य करायचे.

दुसरी सवय लवकर जोडण्याची. महिनाभर वेगळे राहून शेवटी एकत्र यायचे नाही. पहिल्याच आठवड्यात पाचही भागांचा कच्चा सांगाडा जोडायचा. एक सभासद, एक लिटर दूध, एक बिल. मग रोज त्यात थोडी भर घालायची. चूक आजची असली तर आज सापडते. महिन्याची चूक शोधायला महिना लागतो.

तिसरी सवय एकमेकांचे काम वाचण्याची. कोणाच्याही ओळी दुसऱ्याने वाचून होकार दिल्यावाचून मुख्य कामात घालायच्या नाहीत. पतपेढीत एकाने लिहिलेले व्हाउचर दुसरा तपासतो, त्यात अविश्वास नसतो, रीत असते. तसेच हे.

चौथी सवय नोंदवहीची. कोणी, केव्हा, काय बदलले आणि का बदलले, याची अखंड नोंद ठेवायची. यासाठी आता संगणकावरच साधने आहेत. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेले गिट हे साधन जगभर वापरले जाते. तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीत जमीन कोणाकडून कोणाकडे आली याचा माग लागतो, तसा यात प्रत्येक ओळीचा माग लागतो. दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हेने बदलली, तर ते साधन थांबून सांगते, "आधी तुम्ही दोघे ठरवा." ते ठरवण्यासाठी दोघांना एकत्र बसावे लागते, आणि खरे शिक्षण तिथेच घडते.

काम दुसऱ्याच्या हाती देणे

एवढ्यावरही एक उणीव राहते. सत्र संपले, गुण मिळाले, गट मोडला आणि काम कपाटात गेले, तर धरण बांधून त्यात पाणीच सोडले नाही असे होईल. खरे सॉफ्टवेअर लोक वापरू लागल्यावर त्याच्या अडचणी दिसतात.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने यावर १९९५ साली एक उपक्रम सुरू केला. त्याचे नाव एपिक्स. म्हणजे समाजसेवेसाठी इंजिनिअरिंगचे प्रकल्प. गावातली एखादी सेवाभावी संस्था घ्यायची आणि तिची खरी अडचण सोडवायला विद्यार्थ्यांचा गट द्यायचा. गटात पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतची मुले एकत्र. सत्र संपले तरी गट मोडत नाही. थोरले पदवी घेऊन जातात, धाकटे पुढे काम चालवतात आणि नवे येऊन मिळतात. वारीच्या दिंडीत विणेकरी बदलला तरी वीणा खाली ठेवत नाहीत, तसे हे आहे.

त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होते बेघर लोकांना मदत करणाऱ्या स्थानिक संस्थांसाठी. अनेक संस्था, प्रत्येकीची वेगळी नोंद. कोणाला कुठून काय मदत मिळाली याचा मेळ लागावा, पण मदत घेणाऱ्याची खाजगी माहिती मात्र उघडी पडू नये, असे सॉफ्टवेअर हवे होते. पहा, इथे पुन्हा बांधच आला. कोणती माहिती पलीकडे जाऊ द्यायची आणि कोणती अडवायची, हे ठरवायला नुसते प्रोग्रॅम लिहिणे पुरत नाही. त्या संस्थांतल्या माणसांपाशी बसून, त्यांचे ऐकून घ्यावे लागते. वीस वर्षांच्या मुलाला हे पहिल्यांदा ऐकून घेताना फार जड जाते. त्याला वाटत असते की आपल्याला सगळे कळले आहे. लोकांना काय हवे ते लोकांनाही आरंभी नेमके सांगता येत नाही. कच्चे काम दाखवले की मग त्यांना सांगता येते. हेही त्याला तिथेच उमगते.

गुणांचा पेच

गटाने काम करून शिकवण्यात अडचणी नाहीत असे नाही. शाळेत श्रमदान ठेवले की काय होते ते गुरुजनांना ठाऊक आहे. दोघे खणतात, दोघे पाटी उचलतात आणि एक जण सावलीत बसून पाणी मागतो. शेवटी शाबासकी पाचांनाही. कॉलेजातही हेच घडते. याच्या उलट दुसरा दोषही आढळतो. गटातला एखादा हुशार मुलगा म्हणतो, "तुम्ही राहू द्या, मीच करतो," आणि सगळे स्वतःच्या अंगावर घेतो. लोक त्याची वाखाणणी करतात. वास्तविक आळशाइतकेच नुकसान तोही करत असतो. तो स्वतः गटात काम करायला शिकत नाही आणि इतरांना शिकू देत नाही. पुढे नोकरीत तो आजारी पडला किंवा सोडून गेला, की त्याचे काम कोणालाच उलगडत नाही.

म्हणून गुण देताना दोन्हीकडे पाहावे लागते. काही गुण सबंध गटाच्या कामाला, काही प्रत्येकाच्या वाट्याला. नोंदवहीत कोणी काय केले ते दिसते. गटातल्या मुलांनी एकमेकांविषयी गुप्तपणे मत द्यावे, अशीही पद्धत आहे. आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे अध्यापकाने एकाने केलेला भाग दुसऱ्याला समजावून सांगायला लावावा. ज्याला शेजाऱ्याचा भाग सांगता येतो, तो गटात होता. ज्याला नाही, तो नुसता हजेरीपटावर होता.

आपल्याकडेही इंजिनिअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाला गटाने प्रकल्प करावा लागतो. कित्येक ठिकाणी तो मनापासून होतो. परंतु शहरांतून तयार प्रकल्प विकत देणारी दुकानेही निघाली आहेत. पैसे मोजले की प्रोग्रॅम, अहवाल, सारे बांधून मिळते. बापाने शेत गहाण टाकून फी भरलेली असते, आणि मुलगा त्यातलेच पैसे देऊन आपले शिक्षण दुसऱ्याकडून करवून घेतो. त्याने टोरांटोच्या मुलांप्रमाणे भाग विकत घेऊन तो उलगडला असता, जोडला असता, बदलला असता, तर एक वेळ चालले असते. विकत घेऊन नुसता पुढे सरकवला, तर त्याच्या हाती कागद येतो आणि विद्या येत नाही. उद्या हाच मुलगा कोणाच्या तरी सातबाराच्या, कोणाच्या तरी औषधाच्या नोंदीच्या कामावर बसणार आहे.

एकत्र काम करून शिकण्याची परंपरा आपल्याला नवी नाही, हेही सांगितले पाहिजे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका गटाने संगणक स्वतः रचला, स्वतः जोडला आणि १९६० साली कामाला लावला. १९६२ साली त्याचे नाव टिफ्रॅक असे ठेवले. त्या तरुणांना शिकवायला देशात संगणकाचा अभ्यासक्रमच नव्हता. ते शिकले ते एकमेकांपासून आणि हातातल्या कामापासून.

खेड्यातल्या शाळेत काय करता येईल

आता शेवटी गुरुजनांसाठी एक सूचना. या विद्येची सुरुवात करायला संगणक लागत नाही. सातवी-आठवीच्या वर्गाचे चार गट पाडा आणि गावाचा नकाशा काढायला द्या. प्रत्येकाला एक वाडी किंवा एक आळी. चारही तुकडे जोडून एक नकाशा व्हायला हवा, एवढेच सांगा. प्रमाण काय, उत्तर दिशा कुठे, विहिरीची खूण कोणती, हे मुद्दाम सांगू नका. आठ दिवसांनी तुकडे जमिनीवर मांडा. एकाचा रस्ता दुसऱ्याच्या रस्त्याला मिळणार नाही. एकाची विहीर गोल, दुसऱ्याची चौकोनी. मुले हसतील. मग विचारा, "काम सुरू करण्याआधी काय ठरवायला हवं होतं?" मुलांना आपापली उत्तरे सापडतील. मग दुसऱ्या आठवड्यात गटांची अदलाबदल करा. प्रत्येक गटाने दुसऱ्याचा तुकडा दुरुस्त करायचा, आणि मूळ गटाला तोंडी काही विचारायचे नाही. फक्त कागदावर लिहून ठेवले असेल तेवढेच वाचायचे. लिहून ठेवणे म्हणजे काय हे त्या दिवशी वर्गाला कळेल.

आणि ज्यांची मुले-मुली कॉलेजात या विषयाचे शिक्षण घेत आहेत, अशा आईवडिलांनाही दोन शब्द. संगणकातले आपल्याला काही कळत नाही असे म्हणून गप्प बसू नका. सुट्टीत मुलगी घरी आली की "गुण किती?" हे विचाराच; पण त्याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारा. तुमच्या गटात तुझा भाग कोणता होता? तुझ्या शेजारच्याचा भाग कोणता, आणि तुमच्या दोघांत काय ठरले होते? आणि तू निघून गेल्यावर ते काम कोण चालवणार? या तीन प्रश्नांची उत्तरे ती न अडखळता, तुम्हाला समजेल अशा भाषेत देऊ लागली, तर फी कामी आली असे खुशाल समजा. अडखळली, तर रागावू नका. परत जाईल तेव्हा तिला एवढेच सांगा की, सोबत्यांबरोबर बस, आणि आधी तुमचे बांध घालून घ्या.